पहिलं ‘नको’

“दुसऱ्याला विचारल्याशिवाय आपण पाणी पिऊ नये, विनू. आणि एकदाच विचारून गप्प बसू नये. पहिलं ‘नको’ भिडेचं असतं गं… दुसरं खरं. दोनदा विचारावं.”

सरलाआत्या हे सांगायची ती वाईच्या घाटावर, ओल्या पायांनी, कळशी कमरेवर सावरत. आणि विनीताला ते आठवलं ते पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला – कॅलिफोर्नियातल्या सिएरा पर्वतात, ढगांच्या शेजारी म्हणावं इतक्या उंचीवर, तापलेल्या करड्या खडकाला टेकून बसलेली असताना. घशाला कोरड पडली होती. मांडीवर पाण्याची बाटली होती. आणि विचारायला आसपास कुणी नव्हतं!

इतक्या उंचावर उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण अठ्ठ्याऐंशी सालचा तो ऑगस्ट काही वेगळाच होता. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधून ज्या उकाड्याला कंटाळून पळ काढला, तो उकाडा जणू गाडीच्या टपावर बसून बरोबर आला होता. डोंगरमाथ्यावरचा बर्फ केव्हाच ओसरला होता. कुरणं पिवळी पडली होती. नकाशात निळ्या रेघेनं दाखवलेले ओढे प्रत्यक्षात गोट्यांचे पट्टे होऊन पडले होते.

नंदाताईच्या टाचेला फोड आला होता, म्हणून ती आणि संजीवभावजी मागे रेंगाळत होते. विनीता आपल्याच नादात पुढे आली होती. सलवार-कमीज, पायांत ताईचे बूट, डोक्यावरून घेतलेली ओढणी. सहा महिन्यांपूर्वी ती ताईकडे “देश बघायला” आली. खरं तर देशाबरोबर मुलगेही बघावेत असा ताईचा बेत होता. भावजींनी तीन स्थळं आणली. तीनही मुलगे चांगले होते, तिघांनीही आपापल्या गाड्यांविषयी पुष्कळ माहिती दिली, आणि तिघांनाही विनीतानं हात जोडून नकार कळवला. आता पुढच्या गुरुवारचं परतीचं तिकीट होतं. वाईच्या कन्याशाळेत संस्कृत शिकवायची नोकरी तिची वाट पाहत होती. वाईट काहीच नव्हतं त्यात… फक्त काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, इतकंच.

आषाढी एकादशीला ताईच्या बाल्कनीतल्या तुळशीपुढे – दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या इवल्याशा तुळशीपुढे – तिनं चातुर्मासाचा नेम धरला होता. कांदा-लसूण वर्ज्य. आणि आत्याचा पाण्याचा नेम. माणूस नसेल तर जनावराला विचारावं, तेही नसेल तर झाडाला, असंही आत्यानं सांगून ठेवलं होतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या दगडावर एक मार्मट पोट टेकून पसरला होता. घुशीहून थोराड, सशाहून आळशी असं ते जनावर तिच्याकडे मोठ्या गांभीर्यानं बघत होतं.

“काय हो,” विनीता हळूच म्हणाली, “पाणी हवंय का?”

“नको. आभारी आहे.”

बाटली हातातून सुटता सुटता राहिली. मार्मट शेपूट उडवून बिळात पळाला. आणि त्याच्या दगडामागून, सावलीतून, एक उन्हानं रापलेला चेहरा बाहेर आला. विस्कटलेले केस, चष्म्यावर धूळ, खांद्याला मोठी थोरली सॅक.

“मी… मी त्याला विचारलं होतं,” विनीता म्हणाली.

“अस्सं! मला वाटलं, मला. तरी म्हटलं, इथे मराठीत ‘काय हो’ म्हणणारं कोण आलं…”

“आणि तुम्ही लपून ऐकत होता?”

“लपून नाही हो. सावलीला बसलो होतो. तुम्हीच आलात, बसलात आणि माझ्या शेजाऱ्याशी बोलायला लागलात.”

हसू आवरेना म्हणून तिनं बाटली तोंडाला लावली. दोन घोट घेतले. लाजेच्या घाईत आत्याची अर्धीच शिकवण पाळली गेली, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही.

त्याचं नाव चारुदत्त. सनीव्हेलमध्येच एका चिप्सच्या कंपनीत इंजिनिअर. “बटाट्याच्या नव्हेत,” त्यानं लगेच खुलासा केला. दर उन्हाळ्यात तो एकटाच या डोंगरांत येई, आठवडाभर चाले आणि परत जाई. आता पुढे एक तळं होतं, तळ्यापलीकडे खिंड, खिंडीपलीकडे नुसता दगडांचा मुलूख.

“चला, तळ्यापर्यंत सोबत करतो तुम्हाला,” म्हणत तो उठला. आणि उठला तसाच खाली बसला. चेहरा पांढराफटक.

“अहो!… काय होतंय?”

“काही नाही. जरा… डोकं… खालचा ओढा दर वर्षी वाहता असतो हो. त्याच्या भरवशावर आलो. आटलाय.”

त्याच्या कमरेची बाटली तिनं हलवून पाहिली. ठणठणीत कोरडी! विनीतानं मग पुढचं काही विचारलं नाही. ओढणीचं टोक भिजवून त्याच्या मानेवर ठेवलं, बाटली त्याच्या ओठांना लावली, आणि लहान मुलाला दटावावं तशी म्हणाली, “हळू. घोट घोट.”

चेहऱ्यावर रंग परतला, तेव्हा तिचा धीर सुटला आणि राग वर आला.

“मग मघाशी ‘नको’ का म्हणालात?”

तो ओशाळून चष्मा पुसू लागला. “पहिल्यांदाच ‘हो’ कसं म्हणायचं?”

“तुम्ही पुण्याचे का?”

“मिरजेचा. पण आई पुण्याची.”

विनीता खळखळून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. दोनदा विचारलं असतं तर या माणसाला भोवळ आली नसती. नेम म्हणजे नुसता नियम नसतो, त्याच्या पोटात कुणाचा तरी जीव असतो, हे आत्याला किती बरोबर ठाऊक होतं!

तिनं त्याला सगळं सांगितलं. घाट, कळशी, भिडेचं ‘नको’ आणि खरं ‘नको’. तो मान कलती करून ऐकत राहिला.

“पुन्हा अशी चूक नाही व्हायची माझ्या हातून,” ती म्हणाली. “दोनदा विचारीन.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“बघा हं… मी पहिल्यांदा ‘नको’ म्हणणाराच माणूस आहे. जन्मभराची खोड आहे. शब्द देताय?”

“दिला,” विनीता म्हणाली. आणि मग उगाचच ओढणी पिळत बसली, ती कोरडी झाली तरी.

नंदाताई लंगडत येऊन पोचली तेव्हा तिला बहिणीशेजारी एक तरुण, मराठी, चष्मेवाला मुलगा बसलेला दिसला. टाचेचा फोड ती तत्काळ विसरली. भावजींनी नाव, गाव, कंपनी विचारून घेतली. तो त्यांच्याच रस्त्यावर, दोन सिग्नल पलीकडे राहत होता!

“कमाल आहे यार,” भावजी म्हणाले. “सनीव्हेलमध्ये कधी भेट नाही, आणि इथे अस्वलांच्या गावात भेटतोय आपण.”

तंबू ठोकले ते तळ्याकाठी. तळं मात्र भरलेलं होतं. वरच्या कड्याच्या सावलीत बर्फाचा एक चुकार पट्टा उरला होता, त्याचं पाणी थेंब थेंब खाली येत होतं. त्या वर्षी शेकोटीला बंदी होती, म्हणून छोटा गॅसचा स्टोव्ह पेटला. भावजींनी सूपचा डबा उघडला. कांद्याचा वास आला तशी विनीता हलकेच बाजूला सरकली. पण चारुदत्तनं ते पाहिलं, आणि आपल्या सॅकमधून मूठ मूठ तांदूळ आणि मुगाची डाळ काढून वेगळं पातेलं चढवलं.

ती डाळ काही केल्या शिजेना! पाणी कधीचं खदखदत होतं, तांदळाचा गोळा झाला, पण डाळ आपली खड्यासारखी खडखडत होती.

“उंचावर असंच होतं,” तो चमच्यानं ढवळत म्हणाला. “पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापतच नाही. नुसताच आवाज.”

“काही माणसंही असतात अशी.”

“मी तसा वाटतो तुम्हाला?”

“तुम्हाला कुठे आवाज आहे?…” ती पातेल्यात बघत म्हणाली. “मग इथली डाळ शिजायची तरी कधी?”

“वेळ द्यावा लागतो.”

“माझं तिकीट गुरुवारचं आहे.”

चमचा थांबला. तळ्यावरून वारा आला, तोही कढतच. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मग फक्त एवढंच म्हणाला, “मीठ घालू का?”

“घाला,” विनीता म्हणाली.

ती खिचडी दाताखाली कचकच वाजत होती. विनीतानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

दुसरा दिवस त्यांनी तळ्याकाठीच काढला, ताईच्या टाचेसाठी. ऊन असं, की दुपारी खडकाला हात लावता येईना. चारुदत्त तिला बर्फाच्या पट्ट्यापर्यंत घेऊन गेला. बर्फावर शेवाळ्याची गुलाबी छटा होती. त्यानं वरचा थर बाजूला करून आतला पांढरा चुरा तिच्या ओंजळीत ठेवला. गारवा तळहातातून कोपरापर्यंत चढला. दोघंही ओंजळीकडेच बघत राहिली… वर बघायची हिंमत दोघांतल्या एकाचीही होईना.

“विनीता,” तो म्हणाला, “तुमचा तो पाण्याचा नेम मीही घेतला तर?”

“नेम गंमत म्हणून घेत नाहीत.”

“गंमत कोण करतंय? कार्तिकीपर्यंतच ना? घेतला.”

“मग माणूस नसेल तेव्हा झाडाला विचारायचं, हेही लक्षात ठेवा.”

“छे, झाड नाही चालणार मला. झाडाचं पहिलं ‘नको’ कुठलं, दुसरं कुठलं, मला काय कळणार? माणूसच हवं.” आणि जरा थांबून, “मराठी बोलणारं.”

तिच्या ओंजळीतला बर्फ केव्हा वितळून गेला ते तिला समजलंच नाही.

त्या दिवशी कुणीही बाटलीला हात लावला की आधी चौकशी होई. “पाणी हवंय?” “नको.” “हवंय का पण?” “बरं, द्या थोडं.” शेवटी भावजी वैतागले. “तुम्ही दोघं पाणी पिताय की सत्यनारायण घालताय यार?”

संध्याकाळी विनीता तंबूत बसून पोथीतला रोजचा अध्याय वाचत होती. बाहेर कपडे वाळत टाकता टाकता ताई चारुदत्तशी बोलत होती. तंबूचं कापड ते केवढंसं! शब्दन् शब्द आत येत होता.

“हे बघ चारुदत्त, मी स्पष्ट बोलणारी बाई आहे. आमची विनू तुला आवडलीय, हे मला दिसतंय. वाईला फोन करते. बाबांशी बोलू का?”

मग घाईघाईचा, अडखळता आवाज. “नको नको, नंदाताई… नको.”

“नको?”

“नको हो.” आणि मग दगडांवरून लांब जात राहिलेली पावलं.

विनीतानं बोट ठेवलेली ओळ पुन्हा वाचली. पुन्हा एकदा वाचली. अक्षरं तीच होती, पण अर्थ लागत नव्हता. तिनं पोथी कपाळाला लावली, मिटली, आणि अध्याय अर्धाच राहिल्याबद्दल देवाची क्षमा मागितली. दुसरं काही मागावं, असं फार मनात आलं होतं… पण मागितलं नाही.

जेवताना तो तिच्यासमोर बसला नाही. पाणी पिताना मात्र लांबूनच, खाली बघत त्यानं विचारलं, “हवंय?” ती “नको” म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा “नको” म्हणाली. दोन्ही ‘नको’ भिडेची होती, पण हे त्याला कळायचा काही मार्गच नव्हता.

सकाळी ती जागी झाली तेव्हा कड्याच्या टोकावर नुकतं ऊन उतरत होतं. बाहेर आली तर शेजारच्या तंबूची जागा रिकामी. चपटं झालेलं गवत तेवढं उरलं होतं. ताई स्टोव्हवर चहा टाकत होती.

“गेला तो खिंडीकडे,” ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. “आपण चहा घेऊ आणि खाली उतरू. म्हटलं त्याला, विनूला उठवू का, तर म्हणे ‘नको, झोपू दे’. चमत्कारिक मुलगा! सगळ्यालाच ‘नको’. काल तर मी सरळ विचारलं होतं…”

“ऐकलं मी.”

ताईचा हात थांबला. “ऐकलंस?… विनू, मला वाटलं होतं गं… जाऊ दे. ‘नको’ म्हणताना कान मात्र लालबुंद झाले होते बघ त्याचे. असतात लाजाळू एकेक. पण ‘नको’ ते ‘नको’च.”

विनीता तळ्याकडे बघत उभी होती. सकाळची हवासुद्धा गरम होती. पाणी हललं नाही, पान हललं नाही. आणि त्या शांततेत तिच्या कानाशी, अगदी जवळून, ओल्या पायांचा घाटाच्या फरशीवरचा आवाज आल्यासारखं झालं.

“ताई,” ती म्हणाली, “तू त्याला कितीदा विचारलंस?”

“म्हणजे?”

“दोनदा विचारलंस का?”

“एकदा ‘नको’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा कोण विचारतं गं? आपल्याला काही मान आहे की…” बोलता बोलता नंदाताई थांबली. दोघींना एकाच आत्यानं वाढवलं होतं. दोघींनी एकाच घाटावर एकीमागून एक कळश्या वाहिल्या होत्या. ताईनं कपाळावर हात मारला. “अगं बाई… सरलाआत्या!”

विनीता तोवर बूट बांधायला बसली होती.

“एकटी कुठे निघालीस? उन्हं चढतील. यांना उठवते, थांब.”

“लांब नाही जात. वाट समोर दिसतेय, तुम्हीही दिसाल मला. आणि ताई, खिंडीपलीकडे माणूस नाही गं. झाड त्याला चालत नाही. तो पाणीच नाही प्यायचा.”

ताईला यातलं काही कळलं नाही. पण बहिणीचा चेहरा कळला. तिनं उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली विनीताच्या हातात दिली. एवढंच म्हणाली, “चहा झाकून ठेवते. दोन कप.”

वाट तळ्याला वळसा घालून वर चढत होती. एकेक झाड खुजं होत होत मागे राहिलं. शेवटचा पाइन तर गुडघ्याएवढा होता, वाऱ्यानं वाकवून जमिनीला नमस्कार घातल्यासारखा. विनीतानं चालता चालता त्याला हात लावला. त्याचं दुसरं ‘नको’ खरं निघालं तर? निघू दे. आत्यानं उत्तराची हमी कधी दिली नव्हती. विचारणं तेवढं आपल्याकडे असतं. मग गुरुवारी विमानात बसताना निदान काही राहून गेल्यासारखं तरी वाटणार नाही.

पहिल्या वळणावर ती थबकली.

वरच्या वळणावर, उघड्या खडकावर, भर उन्हात चारुदत्त बसला होता. सॅक पाठीवरच होती. बाटली हातात होती, भरलेली. झाकण उघडून दुसऱ्या हातात धरलेलं. कितीतरी वेळ तो तसाच बसला असावा. घोट घेत नव्हता. पुढे खिंडीकडे बघत नव्हता. खाली, आल्या वाटेकडे तोंड करून बसला होता… कुणी विचारायला येतंय का, याची वाट बघत.

विनीतानं हाक मारली नाही. डोक्यावरची ओढणी नीट केली, बाटली छातीशी धरली आणि चालू लागली.

दोनदा विचारायचं होतं. त्यातलं एकदा ताईचं विचारून झालं होतं.